तुमचे प्रश्न: घरी भरलेली काडतुसं ठेवायची कुठे आणि कशी

मागच्या अंकात मी घरी काडतुसं भरण्याच्या छंदावर, म्हणजे इथे अमेरिकेत ज्याला रिलोडिंग म्हणतात त्याच्यावर दोन पानं लिहिली, आणि मला वाटलं होतं की आता शिव्या येणार, उकडीच्या मोदकांशेजारी हे काय छापता म्हणून. आल्या, दोन आल्या. पण प्रश्न त्याच्या कितीतरी जास्त आले आणि गंमत म्हणजे काडतूस भरायचं कसं हे कोणी विचारलंच नाही, सगळ्यांचा घोळ भरून झाल्यानंतरचा आहे. म्हणून या वेळी तेवढंच.

ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: बार काढला की पितळेची पुंगळी उरते, ती फेकून न देता साफ करून तिच्यात नवा प्राइमर (ठोका बसला की पेटणारी बुडातली छोटी टोपी), नवी दारू आणि नवी गोळी बसवायची, एवढाच हा छंद. स्वतःच्या वापरासाठी भरायला इथे फेडरल लायसन लागत नाही. भारतात मात्र परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा आर्म्स अॅक्टखाली सरळ गुन्हा आहे, त्यामुळे पुण्या-नाशिकहून वाचणाऱ्यांनी हे फक्त वाचायचं.

प्रश्न: काका, मी डॅलसजवळ राहतो, तीन वर्षं नऊ एमएम आणि टू-टू-थ्री भरतोय आणि आता थ्री हंड्रेड ब्लॅकआउट हे तिसरं कॅलिबर (काडतुसाचं माप) पण सुरू केलंय. सुरुवातीला शंभरेक असायची, आता गराजमध्ये बुटांचे खोके, झिपलॉक, प्रोटीन पावडरचे डबे, सगळ्यांत काडतुसंच. कशात काय आहे ते अंदाजे कळतं. बायको म्हणते हे सगळं एका जागी नीट लाव नाहीतर मी लावते. सिस्टिम काय लावू?

उत्तर: अरे बाबा, आधी वहिनींना लावू देऊ नकोस, त्या रंगाप्रमाणे लावतील. आणि "अंदाजे कळतं" हे तू लिहिलंस ना, तिथेच मी चहा खाली ठेवला.

माझी गोष्ट सांगतो. माझ्याकडे एकाच कॅलिबरची दोन प्रकारची काडतुसं होती, एक मुलीला शिकवायला म्हणून अगदी हलकी भरलेली आणि दुसरी पूर्ण ताकदीची. दोन्ही पन्नास-पन्नासच्या सारख्याच निळ्या प्लास्टिकच्या डब्यांत, लेबल झाकणावर, माझ्या सुवाच्य अक्षरात, तारखेसकट. मग एकदा डबे पुसायला काढले, झाकणं वेगळी केली आणि परत लावली. झालं. पुढच्या रविवारी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, पोरीच्या हातात ते "हलकं" काडतूस दिलं तर रिव्हॉल्व्हर असं उसळलं की तिने ते टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं. गन पूर्ण ताकदीचं काडतूस झेपणारी होती म्हणून कोणाला काही झालं नाही. घरी येऊन दोन्ही डब्यांतली सगळी काडतुसं ठोकून ठोकून उघडली. ती उघडायची एक प्लास्टिकची हातोडी मिळते, सांगायला नको, दोन संध्याकाळी गेल्या.

तेव्हापासून लेबल डब्याच्या अंगावर, झाकणावर नाही. घरातल्या मसाल्याच्या डब्यांची झाकणं बदलली तर फारतर आमटी बिघडते. आणि त्याच लेबलची दुसरी चिठ्ठी डब्याच्या आत, म्हणजे बाहेरचं तेलाच्या हाताने पुसलं गेलं तरी आतलं राहतं. इंकजेट प्रिंटरची शाई तेलाने पसरते, मी साध्या पेन्सिलने लिहितो, पेन्सिल कशालाच दाद देत नाही.

लिहायचं काय? कॅलिबर, गोळीचं वजन आणि प्रकार, दारूचं नाव, ती किती ग्रेन घातली (ग्रेन हे दारू तोलायचं वजनाचं माप), प्राइमर कुठला, पुंगळी कुठल्या कंपनीची आणि आतापर्यंत कितव्यांदा भरलेली, काडतुसाची एकूण लांबी, तारीख, आणि त्या दिवशीच्या घाण्याला एक नंबर. (इंग्रजीत लॉट म्हणतात, मी घाणाच म्हणतो, चकल्यांसारखा.) एवढं सगळं लेबलवर मावत नसेल तर लेबलवर कॅलिबर, गोळी, तारीख आणि घाण्याचा नंबर, बाकी सगळं वहीत त्या नंबरखाली. नंबर महत्त्वाचा अशासाठी की एखाद्या घाण्यात काही गडबड निघाली, समजा प्राइमर खोल बसलेत किंवा एखाद्याचा आवाज फुसका आला, तर तेवढाच घाणा बाजूला काढता येतो, नाहीतर हजार काडतुसांवर संशय घेत बसायचं.

आता तुझा खरा धोका, जो तू येताजाता म्हणून लिहिलायस. टू-टू-थ्री आणि थ्री हंड्रेड ब्लॅकआउट एकाच घरात. ब्लॅकआउटची पुंगळी ही टू-टू-थ्रीच्याच पुंगळीवरून काढलेली, बरेच जण घरी भरताना तीच कापून आणि दाबून तयार करतात, त्यामुळे तिच्या बुडावर छाप कधीकधी जुन्या कॅलिबरचाच राहतो. ब्लॅकआउटचं काही काडतूस टू-टू-थ्रीच्या रायफलमध्ये शिरतं, बोल्ट बंदही होतो, आणि मग बारीक नळीत जाड गोळी अडकते आणि रायफल फुटते. अशा फुटलेल्या रायफली इथे बऱ्याच जणांनी पाहिल्यात. बुडावरचा छाप वाचून सुटका नाही, कारण छापच खोटं बोलतोय. म्हणून ब्लॅकआउटचा डबा वेगळ्या रंगाचा, वेगळ्या कपाटात, मॅगझिनवर त्याच रंगाची पट्टी, आणि रेंजवर जाताना दोन्ही एकाच बॅगेत नेऊच नकोस. ज्या दिवशी ब्लॅकआउट त्या दिवशी फक्त ब्लॅकआउट. शॉटगनवाल्यांनी हा धडा आधीच घेतलाय, वीस गेजचं काडतूस पिवळंच करायची पद्धत त्यातूनच पडली (गेज म्हणजे नळीचं माप, आकडा मोठा तेवढी नळी बारीक), कारण ते बारा गेजच्या नळीत सरकून पुढे अडकून बसतं, वरून दिसत नाही, आणि मागून बारा गेजचं घातलं की संपलं.

आणि त्या झिपलॉकमधल्या ज्यांच्याबद्दल तुला खात्रीने सांगता येत नाही ती सगळी उघडून टाक. गोळ्या आणि पुंगळ्या परत वापरता येतील. दारू परत वापरायची नाही, कुठल्याच डब्यात ओतायची नाही, ती कुठली हेच माहीत नाही ना. "एखादी मारून बघतो" हा प्रयोग नको.

खोक्यांबद्दल म्हणशील तर पिस्तुलाची पन्नासच्या किंवा शंभरच्या प्लास्टिक डब्यात आणि मग ते डबे मिलिटरीच्या लोखंडी अॅमो कॅनमध्ये. कॅन मोठा घेतलास तर पूर्ण भरू नकोस. नऊ एमएमचं एक काडतूस साधारण बारा ग्रॅम, म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत तोळ्याला जरा वर, हजार झाली की बारा किलो, आणि ते फडताळावरून उतरवताना माझ्या वयाचा माणूस कंबर धरून बसतो. तोळ्यावरून आठवलं, काडतुसांच्या जगातला ग्रेन आणि आपला तोळा सख्खे नातेवाईक आहेत, ब्रिटिश हिंदुस्थानचा तोळा बरोबर १८० ग्रेनचा ठरवलेला होता. एका पाउंडात ७००० ग्रेन. आपला एखादा जुना सराफ माझ्या रिलोडिंग बेंचवर आला तर काटा बघून खूश होईल.

प्रश्न: ह्यूस्टनला असतो. गराजमध्ये दमटपणा इतका की पुंगळ्यांवर हिरवे डाग यायला लागलेत. आणि उन्हाळ्यात गराज भट्टी. अॅटिकमध्ये हलवू का?

उत्तर: अॅटिक गराजपेक्षा वाईट. टेक्सासच्या उन्हाळ्यात अॅटिक पन्नास डिग्री सेल्सियस सहज ओलांडतं, आणि उष्णता हीच दारूची मोठी वैरी, तिच्यातलं रसायन हळूहळू मोडत जातं. घरात, एसी असलेल्या खोलीत, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा, कुलूप लावून. चांगली ठेवलेली काडतुसं कितीतरी वर्षं टिकतात.

हिरवे डाग म्हणजे पितळ कळकलंय, आपल्याकडे कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक ठेवलं की व्हायचं तेच. नुसता हलका डाग असेल तर फडक्याने पुसा आणि आधी वापरून टाका. पितळ खाल्लं गेलं असेल, नखाला खड्डा लागत असेल, तर ते काडतूस बाद. चामड्याच्या पट्ट्याच्या कप्प्यांत काडतुसं महिनोन्‌महिने ठेवलीत तर कळकणारच, चामडं कमावतानाची द्रव्यं पितळ खातात. दिसायला रुबाबदार पण ठेवायला डबाच बरा.

अॅमो कॅनच्या झाकणाला रबराची गॅस्केट असते, तिच्यावरून बोट फिरवून बघा, चिरली असेल तर कॅन नुसता लोखंडी डबा. आत सिलिका जेलची पुडी टाका, आणि कॅन बंद करायचा तो एसीतल्या कोरड्या हवेत, नाहीतर ह्यूस्टनची दमट हवा आत कोंडून वर पुडी टाकण्यात काय अर्थ आहे.

आणि अमोनिया. हे जरा लांबण लावून सांगतो कारण गोष्ट आपल्याकडची आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवून ठेवत, पाऊस संपून मोहिमा सुरू झाल्या की बाहेर काढायचे, तर पुंगळ्यांना चिरा पडलेल्या असायच्या. कोणी ठोकलं नाही, आपटलं नाही, नुसत्या ठेवल्या ठेवल्या तडकल्या. त्याला नाव पडलं सीझन क्रॅकिंग. कारण नीट कळलं ते १९२१ मध्ये: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा, शिवाय पुंगळी दाबून बनवताना पितळात राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आलं की पितळ आतून फाटतं. आता तुमच्याकडे घोडा नसेल, पण मांजराचा लिटर बॉक्स गराजमध्ये असेल, काच पुसायचं अमोनियावालं क्लीनर त्याच फडताळावर असेल, आणि भांडी चकचकीत करणारी काही पॉलिशं अमोनियाचीच असतात. त्या पॉलिशने पुंगळ्या घासू नका. देव्हाऱ्यातली समई घासा खुशाल.

प्रश्न: माझ्याकडे मोठी गन सेफ आहे, अग्निरोधक. दारूचे डबे, प्राइमर आणि भरलेली काडतुसं सगळं त्यातच ठेवलं तर सगळ्यात सेफ ना? नावच सेफ आहे.

उत्तर: नावावर जाऊ नका हो. भरलेली काडतुसं ठेवलीत तर चालेल. दारू आणि प्राइमर मात्र बाहेर काढा, आजच.

आजची बिनधुराची दारू उघड्यावर पेटली तर भसकन जळते, स्फोट होत नाही. पण तीच जाड लोखंडी पेटीत कोंडली आणि आगीत पेटी तापली तर वायूला जायला जागा नाही, म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने बाँब बांधून बेडरूममध्ये ठेवलात. म्हणूनच इथल्या एनएफपीएच्या (आगीपासून बचावाचे नियम ठरवणारी संस्था) नियमात लाकडी पेटी सांगितलीय: घरात २० पाउंडापर्यंत दारू कंपनीच्या मूळ डब्यांत ठेवता येते, त्याच्यावर ५० पाउंडापर्यंत असेल तर निदान एक इंच जाड फळ्यांच्या लाकडी पेटीत किंवा कपाटात. लाकूड आग थोडा वेळ अडवतं आणि दाब वाढला की उघडतं, म्हणून लाकूड. प्राइमर घरात जास्तीत जास्त १०,०००. तुमच्या गावाचे, काउंटीचे नियम याहून कडक असू शकतात, फायर मार्शलच्या ऑफिसला फोन करून विचारा, रागावत नाहीत.

काळी दारू, म्हणजे आपल्या कोकणात ठासणीच्या बंदुकीत घालतात ती, ही वेगळीच जात. ती खरोखर स्फोटक आहे, ठिणगीलाही पेटते, तिला बाकीच्यांच्या पंगतीत बसवू नका. आमच्या आजोबांकडे रानडुकरांसाठी ठासणीची होती, दारूचा डबा माळ्यावर आणि माळ्याची शिडी आजोबांच्या खोलीत. एनएफपीए त्यांनी कुठे वाचलं होतं.

प्राइमर कंपनीच्या ट्रेमध्येच ठेवा. प्रत्येकाला स्वतःचा कप्पा असतो तो उगाच नाही, एक उडाला तरी शेजारचे वाचावेत म्हणून असतो. ते काचेच्या बरणीत सुटे ओतून ठेवणारा एक गृहस्थ मी पाहिलाय, बडीशेपेसारखे. मी त्याच्या गराजमधून चपला घालून बाहेर आलो.

दारूही मूळ डब्यातच. भरून झालं की मशीनच्या नळकांड्यात उरलेली लगेच त्याच डब्यात परत, आणि हे खात्रीने व्हावं म्हणून बेंचवर एका वेळी एकच डबा असायचा, दुसरा कपाटात. डब्याचं झाकण उघडल्यावर आंबट, झोंबणारा वास आला, तांबूस गंजासारखी धूळ दिसली, तर ती दारू खराब झालीय, वापरायची नाही आणि ठेवायचीही नाही.

भरलेल्या काडतुसांची भीती लोकांना उगाच जास्त असते. आग लागली तर ती फटाक्याच्या लडीसारखी एकेक फुटतात, पण बंदुकीची नळीच नसल्याने गोळीला वेग येत नाही, पुंगळीचे तुकडे उडतात तेच. तरी अग्निशमनवाले आले तर आत काय आहे आणि कुठल्या खोलीत आहे ते पहिल्या वाक्यात सांगायचं.

प्रश्न: मित्र म्हणतात आम्हाला पण भरून दे, पैसे देतो. देऊ का?

उत्तर: नाही. विकायला भरायची तर टाइप ०६ चं फेडरल लायसन लागतं, आणि फुकट दिलीत तरी त्याच्या गनमध्ये काय होईल ते तुमच्या डोक्यावर. मी दुसऱ्याने भरलेली मारत नाही आणि माझी कोणाला देत नाही, सख्ख्या मेव्हण्याला नाही दिली. बऱ्याच गन कंपन्या मॅन्युअलमध्येच छापतात की रिलोड वापरलंत तर वॉरंटी गेली.

प्रश्न: डिसेंबरमध्ये मुंबईला जातोय. रेंजची डफल बॅग मोठी आणि मजबूत आहे, रिकामी करून नेली तर चालेल का?

उत्तर: दुसरी बॅग विकत घ्या. हा प्रश्न साधा वाटेल पण या पानावरचा सगळ्यात महाग पडू शकणारा हाच आहे. भारतात विमानतळावर बॅगेच्या अस्तरात एक जिवंत काडतूस सापडलं म्हणून अटक झालेली माणसं दरवर्षी पेपरात येतात, त्यात परदेशातून आलेली आपली माणसं असतात, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, मला माहीतच नव्हतं. सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्येच सांगितलंय की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, त्या आधारावर हायकोर्टांनी असे बरेच गुन्हे रद्दही केलेत, पण ते नंतर. त्याच्या आधी पोलिस स्टेशन, जामीन, वकील, हुकलेलं परतीचं विमान आणि भाच्याच्या लग्नात सगळ्यांना सांगत बसायचं की काका कुठे आहेत.

रिकामी पुंगळीसुद्धा नको, कीचेन म्हणूनही नको. कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, आणि एक्स-रेवर बसलेल्या माणसाशी व्याख्येवर वाद घालायची ती जागा नाही. जॅकेटचे खिसे पण बघा, मला एकदा इस्त्री करताना सापडलं होतं.

प्रश्न: नमस्कार. माझे यजमान मार्चमध्ये गेले. त्यांना तुम्ही लिहिता तोच छंद होता. बेसमेंटमध्ये त्यांचं टेबल, मशीन, डबे, काडतुसं सगळं तसंच आहे. मला त्यातलं काही कळत नाही आणि हात लावायची भीती वाटते. मुलगा म्हणतो कचऱ्यात टाकून दे. एक वही पण आहे, त्यात नुसते आकडे आहेत.

उत्तर: वहिनी, वाईट वाटलं. घाई काहीच नाही, हे आधी. ती काडतुसं तिथे शांत पडून राहतील, आपोआप काही होत नाही. खोलीला कुलूप लावा, तिथे मेणबत्ती-उदबत्ती नको, नातवंडं आली तर किल्ली तुमच्याकडे. बस.

कचऱ्यात मात्र टाकायचं नाही. कचऱ्याच्या गाडीत दाबयंत्र असतं, माणसं असतात. पुरायचं नाही, पाण्यात किंवा तेलात भिजवून निकामी होतात हेही खरं नाही, कितीतरी नंतर वाळून चालतात. आणि कोणी ओळखीचा म्हणाला की द्या मला, मी वापरतो, तर भरलेली काडतुसं त्याला देऊ नका, कितीही चांगला माणूस असला तरी. ती भाऊंनी स्वतःच्या गनसाठी भरलेली होती. बंद, सील न फोडलेले दारूचे डबे आणि प्राइमरचे खोके, मशीन, काटा, साचे यांना मात्र चांगली किंमत येते, ते भाऊ ज्या क्लबमध्ये जात तिथल्या दोघांना एकत्र बोलवून दाखवा. एकट्या माणसाला नको, दोघं असू देत.

भरलेल्या काडतुसांसाठी तुमच्या गावच्या पोलिसांच्या किंवा शेरिफच्या साध्या नंबरला फोन करा, ९११ ला नाही. बरीच ठाणी ती घेतात, काही ठिकाणी घरी येऊन नेतात. फोनवर "रिलोड" हा शब्द सांगा आणि अंदाजे किती डबे आहेत ते सांगा. आपण होऊन गाडीत घालून ठाण्याच्या दारात नेऊन ठेवू नका, ते सांगतील तसंच. उघडलेल्या दारूच्या डब्यांचं फायर डिपार्टमेंटला विचारा.

या सगळ्यांना एकदा खोली दाखवून झाली की टेबल ओल्या फडक्याने पुसून घ्या, झाडू नका, शिशाची धूळ असते, आणि नंतर हात साबणाने धुवा.

वहीतले आकडे म्हणजे तारीख, गोळीचं वजन, दारू, किती ग्रेन, आणि बहुतेक शेवटच्या रकान्यात रेंजवर कशी चालली ते. डब्यांवर त्याच नंबरच्या चिठ्ठ्या असतील तर क्लबमधल्या माणसांना पाच मिनिटांत सगळं लागेल, त्यांचं काम होईपर्यंत वही त्यांच्यासमोर ठेवा, नेऊ देऊ नका. समासात कधीकधी हवा कशी होती, बरोबर कोण आलं होतं असंही लिहिलेलं असतं, माझ्या वहीत तरी असतं. मुलाला एकदा शेजारी बसवून वाचा.